किल्ली कोणाच्या हाती? : धार व देवास संस्थानांच्या इतिहासातील काही धडे

मराठीत कुलूप उघडण्याच्या साधनाला दोन नावे आहेत. 'किल्ली' हे नाव संस्कृत 'कील' शब्दाच्या कुळातले, तर 'चावी' हे पोर्तुगीज भाषेतून आलेले. शब्द दोन असले तरी वस्तू एकच, आणि तिच्यासंबंधी तीन प्रश्न माणसाच्या मागे फार जुन्या काळापासून लागलेले आहेत. ती कोणाजवळ असावी, तिची जोडकिल्ली कोणाच्या संमतीने व्हावी, आणि धारकाचा अधिकार संपल्यावर ती त्याच्याकडून परत कोणी घ्यावी? ज्या घरात एकच कर्ता आहे तेथे हे प्रश्न फारसे उद्भवत नाहीत. गृहिणीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असला की घरचा कारभार चालतो. परंतु जेथे मालमत्ता अनेकांची आहे, आणि विशेषतः जेथे ती देवाची असून अनेक घराणी पिढ्यान्पिढ्या तिची राखण करीत आली आहेत, तेथे याच तीन प्रश्नांवरून सख्खे भाऊबंद परस्परांचे तोंड पाहीनासे होतात. या प्रश्नांचा विचार करताना माळव्यातील धार व देवास या दोन मराठी संस्थानांचा इतिहास फार उपयोगी पडतो.

गोमंतकीय महाजनांना माळवा वाटतो तितका परका नाही. पेशव्यांकडून १७३९ साली मंगेशी गाव श्रीमंगेश देवस्थानास इनाम मिळाला, तो रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या शिफारशीने. हेच रामचंद्रबाबा राणोजी शिंदे यांचे दिवाण होते, आणि उज्जैनच्या महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी त्यांनीच केली. त्या उज्जैनपासून देवास अवघ्या बाराएक कोसांवर आहे. म्हणजे ज्या पिढीने गोव्यातील देवस्थानांना इनामे मिळवून दिली, त्याच पिढीने माळव्यात मराठ्यांची ठाणी बसविली. पवार घराण्याच्या धार व देवास येथील गाद्या त्याच काळातल्या होत.

गडाच्या किल्ल्या

पवार माळव्यात गेले ते आपल्याबरोबर शिवकालापासून चालत आलेली गडांच्या बंदोबस्ताची परंपरा घेऊन. शिवाजीमहाराजांच्या गडावर कोणी एकच माणूस सर्वाधिकारी नसे, हे सभासदाच्या बखरीवरून सर्वांना ठाऊक आहे. हवालदार, सरनौबत व सबनीस हे तिघे तोलामोलाचे अधिकारी असत आणि तिघांनी मिळून कारभार करावयाचा असे. धान्य व युद्धसामग्री यांचा हिशेब कारखानिसाकडे असे. दरवाजे सायंकाळी हवालदाराने स्वतः लावून घ्यावेत, कुलूप ओढून पाहावे, किल्ल्या आपल्यापाशी ठेवाव्यात आणि पहाटे पुन्हा स्वतःच उघडावेत, असा दंडक होता. रायगडच्या हिरकणीची कथा आजही सांगितली जाते. कथा म्हणून ती कशीही घ्यावी, पण सूर्यास्तानंतर दरवाजा उघडत नसे ही लोकांच्या मनातील खात्री तिच्यातून स्पष्ट दिसते.

या व्यवस्थेतील तत्त्व असे होते की किल्ली एकाच्या हाती असली तरी सत्ता एकाच्या हाती नसावी. दरवाजा लावणारा एक, सैन्य सांभाळणारा दुसरा, लिहून ठेवणारा तिसरा. एखादा फितूर झाला तरी उरलेल्या दोघांना ओलांडल्यावाचून त्याला गड शत्रूच्या हवाली करता येत नसे. हे तत्त्व जेथे सुटले तेथे काय झाले, ते धारच्या किल्ल्याने दोन वेळा पाहिले आहे.

धारचा किल्ला

धारचा तांबड्या दगडाचा किल्ला मराठ्यांच्या आधीचा आहे. तो महंमद तुघलकाच्या काळातला मानला जातो. मराठी इतिहासात त्याचे नाव प्रथम मोठे झाले ते पेशवे घराण्यातील यादवीमुळे. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली खून झाल्यानंतर बारभाईंनी राघोबादादांविरुद्ध कंबर कसली. दादा उत्तरेकडे हटले आणि त्यांनी आपली गरोदर पत्नी आनंदीबाई हिला धारच्या किल्ल्यात ठेवले. धारचे खंडेराव पवार यांनी उघडपणे दादांचा पक्ष घेतला होता. १० जानेवारी १७७५ रोजी याच किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. पुणेकरांच्या फौजेने किल्ल्यास वेढा दिला आणि पवारांचा माळव्यातील मुलूख जप्त केला. आनंदीबाई व तिचा मुलगा यांना हवाली केल्यानंतरच तो मुलूख मोकळा झाला. ज्याच्या किल्ल्यात पाहुणे उतरले त्याला आपले संस्थान तारण ठेवावे लागले. कोणासाठी दार उघडावयाचे हा निर्णय धनी स्वतः घेतो, परंतु त्याची किंमत सर्व घराण्याने व रयतेने मोजावी लागते, हे येथे दिसून येते.

दुसरा प्रसंग अधिक कठोर आहे. १८५७ च्या मे महिन्यात यशवंतराव पवार निवर्तले आणि आनंदराव हे तेरा वर्षांचे बालक गादीवर आले. देशभर बंडाळी पेटलेली होती. अशा वेळी धारच्या कारभाऱ्यांनी अरब, मकराणी व विलायती शिपाई भाड्याने ठेवले. ऑगस्टच्या अखेरीस या भाडोत्री शिपायांनी किल्लाच बळकावला. धनी अज्ञान आणि दरवाजाची किल्ली पगारी परक्याच्या हाती, अशी ती अवस्था होती. इंग्रज फौजेने ऑक्टोबरात वेढा घातला. महिनाअखेर तटास खिंडार पडले, तेव्हा आतील शिबंदी रात्रीतून निसटून गेली. जे किल्ला धरून बसले होते ते गेले आणि ज्याचा किल्ला होता तो राजा जबाबदार धरला गेला. किल्ल्यातील खजिना सैन्याने युद्धातील लूट म्हणून ताब्यात घेतला आणि १८५८ साली संस्थान जप्त झाले.

या अन्यायाविरुद्ध विलायतेतही आवाज उठला. जॉन डिकिन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थाने 'धार नॉट रिस्टोअर्ड' या नावाचे पुस्तक १८६४ साली प्रसिद्ध केले. राज्य १८६० साली परत मिळाले होते, परंतु बैरसियाचा परगणा मिळाला नाही. तो भोपाळच्या बेगमेस देण्यात आला होता. भाडोत्री शिपायांनी अवघे दोन महिने धारच्या दरवाजाच्या किल्ल्या बाळगल्या, आणि त्यासाठी पवारांना एक परगणा व खजिना कायमचा गमवावा लागला.

धारमध्येच किल्लीच्या प्रश्नाचे आणखी एक रूप एकविसाव्या शतकात दिसले. भोजशाळा व कमाल मौला मशीद या नावांनी ओळखली जाणारी वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली होती. खात्याच्या ७ एप्रिल २००३ च्या आदेशाने तेथे मंगळवारी हिंदूंना पूजेसाठी आणि शुक्रवारी मुसलमानांना नमाजासाठी प्रवेश ठरवून देण्यात आला. वाद त्याने मिटला नाही आणि पुढे तो उच्च न्यायालयात गेला. त्या वादाचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नव्हे. पण दोन पक्षांचा परस्परांवर विश्वास उरला नाही म्हणजे किल्ली तिसऱ्याकडे जाते, आणि मग दाराची वेळ दोघांपैकी कोणाच्याच इच्छेवर राहत नाही, एवढे मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे.

देवासच्या दोन पाती

देवासची कथा निराळी आहे. तेथे किल्ली परक्याच्या हाती गेली नाही. ती दोन भावांच्या वंशजांत वाटली गेली. तुकोजीराव व जिवाजीराव हे दोघे पवार बंधू १७२८ साली पहिल्या बाजीरावाबरोबर माळव्यात आले. दोघांनी मिळून मुलूख मिळविला आणि दोघांनी मिळून भोगला. थोरल्याचा वंश ती थोरली पाती, धाकट्याचा वंश ती धाकटी पाती. दोन गाद्या, पण राज्य एक, अशी मूळ कल्पना होती. १८१८ साली इंग्रजांशी तह झाला, त्यातही दोघा राजांनी एकाच कारभाऱ्यामार्फत राज्य चालवावे असे ठरले होते. सामाईक मालमत्तेला सामाईक दिवाण असावा, हा विचार शहाणपणाचा होता.

तो टिकला नाही. पुढे प्रत्येक पातीने आपापला दिवाण नेमला आणि वाटणी मुलखापाशी न थांबता गावापर्यंत आली. देवास शहराच्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीची व दुसरी बाजू दुसऱ्या पातीची झाली. पाण्याची व दिव्यांची व्यवस्थाही दोन्ही बाजूंना वेगळी होती. प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९१२ च्या अखेरीस प्रथम देवासला आले, आणि १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने तेथे राहिले. त्यांच्या 'द हिल ऑफ देवी' या १९५३ च्या पुस्तकात या जुळ्या राज्याचे वर्णन आहे. दोन राजवाडे, दोन दरबार, दोन फौजा, दोन पाणीपुरवठे, एवढेच काय, टेनिसचे क्लबही दोन! दोन्ही राजांना पंधरा-पंधरा तोफांची सलामी मिळत असे.

या सर्व दुहेरी कारभारावर एक देवीची टेकडी उभी होती. तिच्यावर तुळजाभवानी व चामुंडा या देवींची स्थाने आहेत. भाविक त्यांना बडी माता व छोटी माता म्हणतात आणि दोघी बहिणी मानतात. देवास हे नावही देवीच्या वासावरून पडले असे सांगतात. खाली दोन राजे होते, परंतु टेकडी चढणारा भाविक आपण कोणत्या पातीच्या हद्दीतून आलो याचा विचार करीत नसे. देवीचे दर्शन घेताना दोन्ही बाजूंचे लोक एकाच पायरीवर उभे राहत. रस्ता, पाणी, दिवे व न्याय यांची वाटणी करता आली, तरी देवीची वाटणी कोणास करता आली नाही.

वरवर पाहता देवासची व्यवस्था न्याय्य वाटते. दोघांचे हक्क समान, म्हणून दोघांना वेगवेगळी किल्ली. परंतु लहानशा संस्थानाने सर्व काही दोनदा उभारावयाचे म्हणजे खर्चही दुप्पट होणार. त्यातच थोरल्या पातीची तिजोरी विसाव्या शतकात कर्जात बुडाली. महाराज तिसरे तुकोजीराव यांनी इंग्रज सरकारची चौकशी टाळण्यासाठी १९३३ च्या अखेरीस फ्रेंचांच्या पाँडिचेरीचा आश्रय घेतला आणि १९३७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. ही दुर्दशा केवळ वाटणीमुळे ओढवली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. महाराजांचा स्वतःचा खर्चिक स्वभावही तीस कारण होता. परंतु एक गोष्ट खरी, की सामाईक दिवाण असता तर निदान एका पातीच्या खर्चावर दुसरीची नजर राहिली असती. दोन स्वतंत्र तिजोऱ्या झाल्या तेव्हा ती नजरही गेली.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघाची स्थापना झाली आणि धार, देवासची थोरली व देवासची धाकटी अशी तिन्ही संस्थाने त्यात विलीन झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत मध्य प्रदेशात समाविष्ट झाला. रस्त्याच्या दोन बाजू पुन्हा एका नगरपालिकेखाली आल्या. दोन्ही पातींच्या दिवाणखान्यांच्या किल्ल्या निरुपयोगी झाल्या आणि टेकडीवरची देवी मात्र जेथल्या तेथे राहिली.

तीन कुलपांची पेटी

मग सामाईक धनाची किल्ली ठेवावी तरी कशी? एकाच्याच हाती दिली तर धारचे भय, प्रत्येकाला वेगळी दिली तर देवासचे. या पेचातून युरोपने मध्ययुगातच एक मार्ग काढला होता. पोप तिसरा इनोसेंट याने ११९९ साली धर्मयुद्धासाठी दान गोळा करताना प्रत्येक चर्चमध्ये तीन किल्ल्यांची पेटी ठेवण्याची आज्ञा केली. एक किल्ली बिशपाकडे, दुसरी त्या चर्चच्या पाद्रीकडे आणि तिसरी एखाद्या श्रद्धावान गृहस्थाकडे असावी असा नियम होता. पोर्तुगालच्या नगरसभांनी हीच पद्धत स्वीकारली आणि अनाथ मुलांच्या पैशांसाठीही अशीच तीन किल्ल्यांची पेटी असे. गोमंतकातील गावकऱ्यांच्या, म्हणजे कोमुनिदादींच्या कायद्यात किल्लीधारकाला 'क्लाविकुलारियु' असे जे नाव आहे, ते याच परंपरेतले.

या पेटीचे मर्म तिच्या कुलपांत आहे. तिला एकाच कुलपाच्या तीन किल्ल्या नसतात. तीन निरनिराळी कुलपे असतात आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी असते. एका कुलपाच्या तीन किल्ल्या केल्या तर तिघांपैकी कोणीही एकटा पेटी उघडू शकतो, म्हणजे सुरक्षितता तिप्पट होण्याऐवजी धोका तिप्पट होतो. तीन कुलपे असली तर तिघेही हजर असल्यावाचून झाकण उघडत नाही. जोडकिल्लीचा धोकाही येथेच कमी होतो. जुन्या कुलपाची किल्ली मेणावर ठसा घेऊन कोणाही कसबी लोहाराला करून देता येत असे. पण एका कुलपाची अशी चोरटी किल्ली केली तरी उरलेली दोन कुलपे शाबूत राहतात. त्यावर लाखेची मोहोर केली म्हणजे बंदोबस्त पुरा होतो. चोरट्या किल्लीने कुलूप उघडून पुन्हा लावता येते, पण फुटलेली मोहोर पुन्हा जोडता येत नाही. शिवाजीमहाराजांच्या गडावरील तीन अधिकारी आणि पोर्तुगालची तीन कुलपे यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तरीही दोन्हींचा निष्कर्ष एकच निघाला.

गोमंतकातील देवस्थानांच्या कारभाराला लेखी कायद्याचे रूप १८८६ च्या नियमावलीने आले आणि ३० मार्च १९३३ च्या ६४५ क्रमांकाच्या 'दिप्लोम लेजिश्लातीव्हु'ने ते पक्के झाले. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व मुखत्यार हे पदाधिकारी महाजनांनी दर तीन वर्षांनी निवडावयाचे, आणि देवालयांचा प्रशासक म्हणून सरकारी अधिकाऱ्याने वरून लक्ष ठेवावयाचे, ही त्याची चौकट. एकाने आज्ञा द्यावी, दुसऱ्याने लिहावे, तिसऱ्याने रक्कम राखावी, चौथ्याने देवस्थानाच्या वतीने कोर्टकचेरीत उभे राहावे. सबनीस, सरनौबत व हवालदार यांच्यातील श्रमविभाग येथे नव्या नावांनी आलेला दिसतो.

हरवलेल्या किल्लीचे मोल

बंदोबस्ताचे नियम असणे आणि ते पाळले जाणे या दोन भिन्न गोष्टी होत. त्याचे अलीकडचे उदाहरण ओरिसातील पुरीच्या जगन्नाथ मंदिराचे आहे. तेथील रत्नभांडारातील अलंकारांची शेवटची पूर्ण मोजदाद १९७८ साली झाली होती. २०१८ च्या एप्रिल महिन्यात उच्च न्यायालयाच्या आज्ञेवरून तपासणीसाठी मंडळी आत गेली, तेव्हा आतल्या भांडाराची किल्ली कोठे आहे हे कोणालाच सांगता येईना. त्यांनी जाळीतून डोकावून पाहिले आणि ती परतली. पुढे जून महिन्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अभिलेखागारात जोडकिल्ल्या असे लिहिलेला लखोटा सापडला. परंतु १४ जुलै २०२४ रोजी भांडार उघडावयाची वेळ आली, तेव्हा त्या जोडकिल्ल्या लागल्याच नाहीत, आणि अखेर दंडाधिकाऱ्यांच्या समक्ष कुलपे तोडावी लागली.

एवढ्या मोठ्या देवस्थानात कुलूप होते, किल्ली होती, जोडकिल्लीही होती. ती कोणी कोणाकडून केव्हा घेतली आणि कोठे ठेवली याची अखंड नोंद मात्र नव्हती. जोडकिल्ली करून ठेवणे म्हणजे निम्मेच काम. ती त्याच कुलपाची आहे याची वेळोवेळी खात्री करून घेणे हे उरलेले निम्मे काम आहे. कुलूप बदलले आणि लखोटा तसाच राहिला, तर त्यातील किल्ली केवळ लोखंडाचा तुकडा ठरते.

किल्ली आणि मालकी

धार व देवास ज्या मध्य प्रदेशात आले, त्याच राज्यातील देवस्थानांच्या जमिनींविषयीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी एक महत्त्वाचा निर्णय दिला. देवस्थानाच्या जमिनीचा मालक देव आहे, पुजारी हा केवळ देवाच्या वतीने तिची व्यवस्था पाहणारा आहे, आणि म्हणून मालकाच्या रकान्यात देवाचेच नाव असले पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. जे देवस्थान सरकारच्या मालकीचे झालेले नाही, त्याचा व्यवस्थापक म्हणून जिल्हाधिकाऱ्याचे नावही सरसकट लावता येणार नाही, असेही त्याच निर्णयात सांगितले. जो रोज गाभाऱ्याचे दार उघडतो तो मालक नव्हे आणि ज्याच्या कचेरीत दप्तर आहे तोही मालक नव्हे, असाच त्याचा अर्थ.

महाजनांनाही हाच न्याय लागू आहे. पूर्वजांनी मंदिरे उभारली, मूर्ती संकटकाळी स्थलांतरित करून वाचविल्या, जमिनी व दागिने अर्पण केले. त्या पुण्याईने घराण्यांकडे राखणीचा मान आला. परंतु अर्पण केलेली वस्तू देणाऱ्याची राहत नाही, आणि मान म्हणून मिळालेली किल्ली वारसाहक्काने मुलाच्या कपाटात जात नाही. तिजोरीच्या किल्ल्या हे पदाबरोबर येणारे व पदाबरोबर जाणारे ओझे आहे. दर तीन वर्षांनी जुनी समिती नव्या समितीच्या हाती कारभार देते, तेव्हा भाषणे व हारतुरे यांपेक्षा मोलाचा एक साधा विधी असतो. दागिने यादीबरहुकूम मोजावे, प्रत्येक कुलूप समक्ष लावून उघडून पाहावे, किल्ल्यांची व जोडकिल्ल्यांची संख्या लिहावी, आणि देणारा व घेणारा अशा दोघांनी सही करावी. जोडकिल्ली करावयाची झाल्यास समितीच्या ठरावाने करावी, तिचा लखोटा सर्वांच्या सहीने मोहोरबंद करावा, आणि एखादी किल्ली हरवल्यास नवी न करता कुलूपच बदलावे. यात कोणावरही अविश्वास दाखविण्याचा हेतू नाही. उलट, सचोटीच्या माणसाला उद्या कोणी बोल लावू नये म्हणून हा लेखी पुरावा असतो. ज्या देवस्थानांत हा विधी टळला, तेथे एका न परतलेल्या किल्लीवरून सुरू झालेले भांडण दोन-दोन पिढ्या कोर्टात राहिले आणि त्या काळात उत्सवही तुटले, हे अनेक गावांच्या अनुभवास आलेले आहे.

धारला आपल्या दाराची किल्ली परक्याच्या हाती जाऊ दिल्याचा पश्चात्ताप झाला. देवासला भावाभावांत एक किल्ली सामाईक ठेवता आली नाही. महाजनांच्या समितीपुढे यांहून वेगळा मार्ग आहे, तो म्हणजे अनेकांनी मिळून एक दार राखावे आणि ते अनेक कोण, हे सर्वांना लेखी ठाऊक असावे. देवासच्या टेकडीवर दोन्ही पातींचे लोक ज्या एका पायरीवर उभे राहत, त्याच भावनेने पुढील पिढीने किल्ल्या घ्याव्यात व वेळ येताच मोजून परत द्याव्यात, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.